कंत्राटदाराला काम देताना: काय लिहून घ्यायचं, काय मोजायचं, पैसे कधी द्यायचे

“बाथरूम पूर्ण नवीन करायचंय, किती होतील?” असं विचारलं की कंत्राटदार एक आकडा सांगतो. घरमालकाच्या मनात त्या आकड्यात आरसा, गीझरची लाइन, खिडकीची जाळी, राडारोडा उचलणं, सगळंच धरलेलं असतं. कंत्राटदाराने मात्र फोडणं, पाइप टाकणं, टाइल्स आणि नळ बसवणं एवढंच धरलेलं असतं. दोघंही खोटं बोलत नसतात. पण महिनाभराने “हे आपल्यात ठरलंच नव्हतं” हे वाक्य आलं की दोघांनाही समोरचा फसवतोय असं वाटायला लागतं.

घराच्या कामातली कितीतरी भांडणं अशीच सुरू होतात. ती टाळायची तर दोन गोष्टींवर सतत लक्ष ठेवावं लागतं: काम सुरू होण्याआधी कागदावर काय आलं, आणि झालेल्या कामापेक्षा पैसे किती पुढे गेले.

यादी आधी, दर नंतर

दर विचारण्याआधी कामाची यादी स्वतः करा. भाषा साधी असली तरी चालेल, पण प्रत्येक ओळीत काय करायचं, कुठे, किती आणि कोणत्या मालाने हे आलं पाहिजे. ‘भिंतीला टाइल्स’ ही ओळ अपुरी आहे. ‘बाथरूमच्या चारही भिंतींना जमिनीपासून ७ फुटांपर्यंत टाइल्स, आकार १ × २ फूट, आडव्या, टाइल अॅडेसिव्हने चिकटवून, सांधे २ मिलिमीटर, इपॉक्सी ग्राउट’ ही ओळ पुरी. यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे पैसे आहेत. ग्राउट म्हणजे टाइल्समधले सांधे भरायचा माल. इपॉक्सी ग्राउट सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग पडतं आणि लावायला वेळही जास्त घेतं, कारण मिसळल्यावर ते लवकर घट्ट होतं आणि टाइलवर लागलेलं तेव्हाच्या तेव्हा पुसावं लागतं. शेवटच्या दिवशी “मला इपॉक्सी हवं होतं” म्हटलं तर कंत्राटदार जादा पैसे मागणारच, आणि ती मागणी रास्त असते.

यादीतून हमखास सुटणाऱ्या काही गोष्टी आहेत. राडारोडा हा त्यातला पहिला. भिंतीत किंवा जमिनीत असताना माल जेवढी जागा घेतो, त्याच्या साधारण दीडपट जागा तो फोडल्यावर घेतो. त्यामुळे ‘दोन खेपांत जाईल’ म्हटलेलं तीन खेपांत जातं. तो गोण्यांत भरणं, खाली उतरवणं आणि वाहून नेणं या तीन वेगवेगळ्या मजुऱ्या आहेत. तिन्ही कोणाकडे ते लिहा. माल वरच्या मजल्यावर चढवणं, बाहेरच्या भिंतीसाठी परांची बांधणं, कामाचं पाणी आणि वीज, जुन्या फरशीवर झाकण घालणं, वायर-पाइपसाठी भिंतीत मारलेल्या झिऱ्या बुजवणं आणि शेवटची साफसफाई याही ओळी बहुतेक वेळा कुणीच लिहीत नाही. झिऱ्यांचं तर नेहमीचंच आहे: इलेक्ट्रिशियन म्हणतो बुजवणं गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो फोडल्या त्याने बुजवाव्यात.

यादीच्या शेवटी ‘यात धरलेलं नाही’ असा एक वेगळा भाग ठेवा आणि तो कंत्राटदाराकडून भरून घ्या. आमच्या मते सगळ्या कागदातला हा सर्वात उपयोगी भाग आहे, कारण तो भरताना कंत्राटदारालाही नीट विचार करावा लागतो.

एखादी भिंत पाडायची असेल तर ती यादीत टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वरचा भार कोणती भिंत घेते हे हाताने ठोकून कळत नाही, आणि हा निर्णय कंत्राटदाराच्या अनुभवावर सोडायचा नसतो. लागणाऱ्या परवानग्याही कोण काढणार ते याच टप्प्यावर ठरवा.

मजुरीवर, मालासकट, की ठोक रकमेत

रोजंदारीवर माणसं घेतली तर जितके दिवस, तितके पैसे. काम नक्की किती आहे हे उघडल्याशिवाय कळणार नाही अशा लहान दुरुस्तीला हे ठीक. मोठ्या कामाला नाही, कारण काम लवकर संपवण्यात कामगाराचा काहीच फायदा नसतो आणि दिवसभर उभं राहून देखरेख करणं तुमच्या गळ्यात पडतं.

मजुरीच्या दरावर काम दिलं, म्हणजे चौरस फुटाला किंवा रनिंग फुटाला (नुसत्या लांबीवर) अमुक मजुरी आणि माल तुमचा, तर मालाच्या दर्जावर ताबा तुमच्याकडे राहतो. पण नासधूसही तुमच्याच खात्यावर जाते. टाइल कापताना तुटली काय, सिमेंटचं पोतं भिजलं काय, कारागिराला त्याची झळ लागत नाही. शिवाय सकाळी आठला गवंडी आला आणि वाळू दुपारी पोचली, तर त्याचा अर्धा रोज तुम्हालाच भरून द्यावा लागतो. ज्यांना रोज साइटवर जाता येत नाही त्यांनी हा प्रकार घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

मालासकट दर ठरवला तर माल आणणं, साठवणं आणि वाया जाणं हे सगळं कंत्राटदाराकडे. इथे धोका उलट बाजूने येतो: जो माल दिसत नाही त्यात बचत होते. म्हणून पाइपचा प्रकार आणि जाडी, वायरचा आकार, वॉटरप्रूफिंगच्या मालाचं नाव आणि किती हात, गिलाव्याची जाडी आणि सिमेंट-वाळूचं प्रमाण हे सगळं लिहिलेलं हवं. ‘चांगल्या कंपनीचं’ या शब्दांना काही अर्थ नाही.

ठोक रक्कम म्हणजे सगळ्या कामाचा एकच आकडा. नकाशे पूर्ण असतील, काम नवं असेल, मधे बदल होणार नसतील तर ती सोयीची. जुन्या घराच्या दुरुस्तीत मात्र भिंतीमागे काय निघेल हे कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी ठोक आकडा देणारा एक तर धोका धरून चढा आकडा लावतो, नाहीतर कमी लावून पुढे जादा कामात वसूल करतो. तिथे प्रत्येक बाबीचा वेगळा दर घेणं आणि प्रत्यक्ष मोजून पैसे देणं जास्त सरळ.

बऱ्याच घरांसाठी मधला मार्ग बरा पडतो. सिमेंट, वाळू, विटा, पाइप, अॅडेसिव्ह हा माल कंत्राटदाराचा. टाइल्स, नळ, दिवे, बटणं असा डोळ्यांना दिसणारा माल तुम्ही निवडून आणायचा. टाइल्स घेताना सरळ मांडणीसाठी १० टक्के आणि तिरक्या मांडणीसाठी १५ टक्के जास्त घ्या, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच व शेड नंबर एकच आहे का ते उतरवून घेतानाच बघा. नंतर पाच टाइल्स कमी पडल्या आणि दुसऱ्या बॅचमधल्या आणल्या, तर रंगातला फरक भिंतीवर उन्हात लगेच दिसतो.

कोटेशन कसं वाचायचं

तीन कोटेशनं घ्या, पण तिघांनाही तीच यादी देऊन. यादी वेगवेगळी असेल तर आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. समजा एकाचा आकडा बाकीच्या दोघांपेक्षा ३० टक्के कमी आला. खूश होण्याआधी तिन्ही कोटेशनं ओळीला ओळ लावून बघा. फरक साधारण तीन जागी सापडतो: एखादी ओळ गायब असते (वॉटरप्रूफिंग ही नेहमीची), मालाचा दर्जा खालचा धरलेला असतो, किंवा मोजमाप कमी धरलेलं असतं आणि ‘प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिन्ही ठिकाणी फरक सापडला नाही तर त्यालाच सरळ विचारा की हा दर कसा परवडतो. काहींकडे स्वतःची माणसं असतात, काहींचं दुसरं काम जवळच चालू असतं. अशी कारणं खरी असतात. उत्तर गुळमुळीत आलं तर समजायचं ते समजा.

माणूस पारखताना त्याचं नुकतंच संपलेलं काम बघून फार काही कळत नाही. रंग ताजा असतो तेव्हा सगळंच छान दिसतं. किमान वर्षभर जुनं काम बघा. ओल, भेगा, पोकळ टाइल्स एवढ्या काळात वर येतात. त्या घरच्यांना विचारा: ठरलेल्या तारखेच्या किती नंतर संपलं, ठरलेल्या रकमेपेक्षा किती जास्त लागले, आणि पैसे पूर्ण दिल्यावर काही बिघडलं तेव्हा तो आला का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वात मोलाचं.

चालू साइटही बघा. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवली आहेत की थेट जमिनीवर? तीन महिन्यांहून जुनं किंवा ओल लागलेलं सिमेंट कस गमावतं, त्यामुळे ही छोटी गोष्ट बरंच सांगून जाते. तुमच्या साइटवर रोज कोण उभं राहणार, त्याचं नाव आणि नंबर घ्या. कोणती कामं पेटी कंत्राटदाराकडे, म्हणजे मुख्य कंत्राटदार ज्याला कामाचा काही भाग सोपवतो त्याच्याकडे, जाणार हेही विचारा. पेटी कंत्राटदार असण्यात गैर काही नाही, प्लंबिंग आणि वायरिंग बहुतेक जण असंच देतात. अडचण तेव्हा येते जेव्हा तुम्ही मुख्य कंत्राटदाराला पैसे दिलेले असतात आणि ते पुढे पोचलेले नसतात. मग प्लंबर अर्ध्यातून गायब होतो आणि तुम्हाला कारणही कळत नाही.

मोजमापाचा वाद

एक १२ × १४ फुटांची खोली घेऊ, उंची १० फूट. चार भिंतींची एकूण लांबी ५२ फूट, म्हणजे भिंती ५२० चौरस फूट. छत १६८ चौरस फूट. बेरीज ६८८. आता ३ × ७ चा एक दरवाजा आणि ४ × ५ च्या दोन खिडक्या वजा केल्या तर ६१ चौरस फूट गेले आणि उरले ६२७. म्हणजे उघडी जागा वजा करायची की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर रंगाच्या बिलात जवळपास ९ टक्क्यांचा फरक पडतो. हे आधी लिहिलं नसेल तर कंत्राटदार ६८८ मोजतो, मालक ६२७.

कंत्राटदाराची बाजूही समजून घ्या. दरवाजा-खिडकीच्या आतल्या कडा रंगवायला किंवा गिलावा करायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून लहान उघडी जागा वजा करायची नाही आणि कडांचे पैसे वेगळे द्यायचे नाहीत, असा तोडगा सर्रास वापरतात. मोठी उघडी जागा वजा करून कडा रनिंग फुटावर मोजणं हा दुसरा तोडगा. कोणताही घ्या, पण आधी लिहा. असंच स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी), पायऱ्या, ओट्याच्या कडा यांचं: चौरस फूट की रनिंग फूट हे दराशेजारीच असलं पाहिजे. मोजमाप दोघांनी मिळून, एकाच टेपने घ्यायचं, वहीत मांडायचं आणि त्याच दिवशी दोघांनी सही करायची. छताखालचं काम फॉल्स सीलिंगने झाकलं जाण्याआधी मोजा. नंतर मोजता येत नाही.

पैसे कामाच्या मागून

आगाऊ रक्कम द्यावी लागते. माल आणायला, माणसं आणायला पैसे लागतात. पण ती १० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मोठी वस्तू खास बनवून घ्यायची असेल, जसं मोजमाप देऊन केलेल्या खिडक्या, तर त्या वस्तूपुरते पैसे वेगळे द्या आणि शक्यतो थेट बनवणाऱ्याला.

बाकीचे पैसे तारखेला बांधू नका, पूर्ण झालेल्या टप्प्याला बांधा. ‘दर पंधरा दिवसांनी अमुक रक्कम’ असं ठरवलं तर काम थांबलं तरी रक्कम देय होते. मालासकट घेतलेल्या नूतनीकरणासाठी टप्पे साधारण असे पाडता येतात:

करार करताना १० टक्के
फोडकाम आणि विटकाम पूर्ण झाल्यावर १५
भिंतीतले पाइप व वायरिंग टाकून तपासणी झाल्यावर २०
वॉटरप्रूफिंगची पाणी-तपासणी आणि गिलावा झाल्यावर २०
फरशी व टाइल्स झाल्यावर १५
रंग आणि फिटिंग झाल्यावर १०
राहिलेल्या कामांची यादी पूर्ण झाल्यावर ५
सहा महिने ते वर्षाने, दोष नसल्यास ५

तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या शेवटी ‘तपासणी’ हा शब्द मुद्दाम आहे. पैसे हातात असतात तेव्हाच तपासणीला वजन असतं.

फोडकामाच्या टप्प्याला ४० टक्के मागणारं वेळापत्रक आलं तर ते बदलून घ्या. फोडकाम झटपट होतं आणि त्याला माल लागत नाही. इतके पैसे पुढे गेले की कंत्राटदाराला तुमच्या साइटवर टिकून राहण्याचं कारण उरत नाही, आणि खरं तर तुमच्या पैशातून दुसऱ्या कुणाचं तरी काम चाललेलं असतं.

कामगारांना आठवड्याचा पगार द्यावा लागतो म्हणून कंत्राटदार मधेच उचल मागतो. ही गरज खरी असते. त्यासाठी टप्पे लहान ठेवा, दहा-पंधरा दिवसांत एखादा पूर्ण होईल असे. तरीही उचल दिली तर ती कोणत्या टप्प्यातून वजा होणार ते लिहूनच द्या. टप्पा पूर्ण झाला की तीन दिवसांच्या आत पैसे मिळतील असं तुम्हीही लिहून द्या आणि पाळा. पैसे लटकवणाऱ्या मालकाच्या साइटवरून चांगले कारागीर आधी निघून जातात.

जे झाकलं जाणार ते आधी बघायचं

टाइल वाकडी बसली तर दिसते, दुरुस्त करता येते. टाइलमागचा पाइप गळला तर टाइल, गिलावा, वॉटरप्रूफिंग सगळं फोडावं लागतं. म्हणून करारात एक ओळ हवीच: ‘झाकलं जाणारं कोणतंही काम मालकाने बघितल्याशिवाय झाकायचं नाही; कंत्राटदाराने एक दिवस आधी कळवायचं.’

पाण्याच्या पाइपची तपासणी अशी होते. सगळी तोंडं बंद करून लाइन पाण्याने भरायची, आतली हवा पूर्ण काढायची, मग हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब द्यायचा आणि गेजचा काटा किमान दोन तास बघायचा. प्लास्टिकचे पाइप थोडे ताणतात, त्यामुळे सुरुवातीला काटा जरा उतरतो. पुन्हा दाब द्यायचा. त्यानंतरही उतरत राहिला तर कुठेतरी सांधा गळतोय. चिकटवलेल्या सांध्यांना सुकायला वेळ द्यावा लागतो, बहुतेकदा २४ तास. सकाळी सांधे जोडून दुपारी दाब दिला तर चांगला सांधाही सुटू शकतो. नुसता नळ उघडून “बघा, कुठे गळत नाही” म्हणणं ही तपासणी नव्हे.

बाथरूमच्या जमिनीचं वॉटरप्रूफिंग करताना जमीन आणि भिंत मिळतात तो कोपरा आधी गोलाई देऊन भरायचा असतो, कारण काटकोनात थर ताणला जाऊन फाटतो. थर भिंतीवर किमान १५० ते ३०० मिलिमीटर चढवायचा, शॉवरच्या जागी माणसाच्या उंचीपर्यंत. दुसरा हात पहिला सुकल्यावर आणि पहिल्याच्या आडव्या दिशेने. मग थर पूर्ण सुकला की पाणी जाण्याच्या जाळीचं तोंड बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि ४८ तास ठेवायचं. पाणी थोडं उतरलं तर ते वाफेने उडालं की झिरपलं यावरून वाद होतो. त्यावर उपाय सोपा आहे: तेवढ्याच खोलीचं पाणी भरलेलं एक पसरट घमेलं तिथेच ठेवा. घमेल्यात जेवढं उतरलं त्याहून जास्त जमिनीवर उतरलं असेल तर गळती आहे. खालच्या घराचं छतही या दोन दिवसांत बघून या. आणि तपासणीनंतर त्या थरावर कुणाला छिन्नी, ड्रिल लावू देऊ नका. थर चांगला असतो, पाणी-तपासणीतही टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर कमोडसाठी त्यालाच भोक पाडतो, असं फार होतं.

जमिनीचा उतार जाळीकडे मीटरला १० ते २० मिलिमीटर हवा. टाइल्स लावल्यावर दोन बादल्या ओतून पाणी कुठे साचतं का बघा, पण ते ग्राउट भरण्याच्या आधी, जेव्हा चार टाइल्स काढणं अजून शक्य असतं.

भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर वाचता येईल असा. पुढे आरसा टांगताना पाइपला ड्रिल लागायचं नसेल तर हे फोटोच कामी येतात. वायरिंगमध्ये एसी, गीझर, ओव्हन यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन आहे का, सगळीकडे अर्थिंग आहे का, आणि आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारं ब्रेकर, ३० मिलिअँपिअरचं बसवलंय का हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या. त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर ते पडलं पाहिजे.

घाई जिथे चालत नाही

कंत्राटदार “वीस दिवसांत देतो” म्हणाला तर त्या वीस दिवसांत वाळण्याचे दिवस धरले आहेत का ते विचारा. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं. म्हणून गिलाव्यावर आणि काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायचं. पाणी न मारलेला गिलावा वरून कडक दिसतो, पण हाताने घासला की वाळू निघते आणि केसांएवढ्या भेगांचं जाळं पडतं. काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांची. सातव्या दिवशी ती साधारण दोन तृतीयांश आलेली असते.

काँक्रीट कालवताना जास्त पाणी घालणं ही दुसरी घाई. पातळ माल पटकन पसरतो, हात कमी दुखतात. पण क्रियेला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. ५० किलो सिमेंटला वाळूतली ओल धरून २५ लिटरच्या आसपास पाणी, हे प्रमाण लक्षात ठेवा. थिजायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरताना दिसलं तर थांबवा.

आतल्या भिंतीचा गिलावा एका हातात १२ ते १५ मिलिमीटर. भिंत वाकडी असेल आणि ३० मिलिमीटर भरावं लागत असेल तर दोन हात लागतात, दर वाढतो, दिवस वाढतात. एकाच हातात भरलं तर गिलावा स्वतःच्या वजनाने सरकतो किंवा फुगतो. नव्या गिलाव्यावर रंग लावायला तीन ते चार आठवडे थांबायचं. ओल्या भिंतीवर लावला की फोड येतात, पोपडे निघतात, लोणा वर येतो. लाकडी फरशी टाकायची असेल तर खालचा सिमेंटचा थर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाळतो असं धरा. ५० मिलिमीटरचा थर म्हणजे दीड महिना उलटून जातो.

हे दिवस वेळापत्रकात लिहिलेले असले की ‘माणसं का आली नाहीत’ हा रोजचा फोनही वाचतो.

बदल आणि जादा काम

काम चालू असताना बदल सुचतातच. बदल कामगाराला तोंडी सांगू नका. गवंडी “हो साहेब” म्हणतो, करून टाकतो, आणि कंत्राटदाराला ते बिल करताना कळतं. तुम्हाला ते किरकोळ वाटतं, त्याला दोन दिवसांची मजुरी दिसते.

प्रत्येक बदलाला एक छोटी चिठ्ठी: काय बदललं, पैसे किती वाढले किंवा कमी झाले, दिवस किती वाढले. कंत्राटदाराला मोबाइलवर पाठवलेला संदेश आणि त्याचा ‘मान्य’ एवढं बास, पण काम सुरू होण्याआधी. कमी झालेल्या कामाचे पैसे वजा करायलाही हीच पद्धत. जुन्या घरात फोडल्यावर सडलेला पाइप किंवा गंजलेली सळई निघेल अशी शक्यता असते. त्या कामांचे दर आधीच कोटेशनमध्ये घेऊन ठेवा. भिंत फोडून ठेवलेली असताना घासाघीस करायला तुमच्या हातात काही राहत नाही. आणि स्वतःशी १० ते १५ टक्के रक्कम बाजूला ठेवा, कुणालाही न सांगता.

उशीर झाला तर कारण कोणाचं हेही नोंदवत जा. टाइल्स निवडायला तुम्ही दहा दिवस लावले तर ते दहा दिवस कंत्राटदाराच्या नावावर टाकता येत नाहीत. उलट, तुमच्याकडून काही अडलेलं नसताना साइट आठवडाभर बंद राहिली तर लेखी विचारा, तारीख मागा. करारात किती दिवस काम बंद राहिल्यावर करार मोडता येईल ते असेल तर पुढचं सोपं जातं. मोडायची वेळ आलीच तर नव्या माणसाला हात लावू देण्याआधी झालेलं काम त्रयस्थ इंजिनिअरकडून मोजून घ्या, फोटो काढा, पडलेल्या मालाची यादी करा आणि हिशेब मिटल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. नवा कंत्राटदार आला की जुन्याचं काम कुठे संपलं हे सांगता येत नाही, आणि हमी कोणीच घेत नाही.

अपघाताचंही आधी बोलून घ्या. कामगाराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत, पण कामगारांचा विमा आहे का आणि त्याची प्रत कुठे आहे हे कुठेही विचारता येतं. परांचीवर चढणाऱ्याला सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट नसेल तर काम थांबवा. तुमच्या घरासाठी तो माणूस वर चढलेला असतो.

ताबा घेताना

राहिलेल्या कामांची यादी दिवसा उजेडात करा आणि रात्री दिवे लावून पुन्हा एकदा फिरा. बॅटरी भिंतीला समांतर धरली की रंगातले उंचवटे, पुट्टीचे ओरखडे लगेच दिसतात. टाइल्सवर काठीने किंवा नाण्याने हलके ठोका. पोकळ आवाज आला तर खाली माल पोचलेला नाही, आणि तिथे जड वस्तू पडली की टाइल तडकते. दोन मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठेवा, खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. घरातले सगळे नळ एकदम उघडा आणि मग एकदम बंद करा. प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर किंवा चार्जर लावून बघा. दरवाजे अर्धे उघडून सोडा. आपोआप सरकले तर चौकट ओळंब्यात नाही.

यादी खोलीप्रमाणे लिहा, प्रत्येक ओळीला तारीख द्या आणि भिंतीवर त्या जागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. कारागीर यादी वाचत नाही, पट्टी बघतो. पट्ट्या संपल्या की शेवटून दुसरे ५ टक्के द्यायचे.

त्याच दिवशी मालाची बिलं, हमीपत्रं, रंगाचे शेड कोड, पाइप-वायरचे फोटो आणि किमान एक खोकं उरलेल्या टाइल्स ताब्यात घ्या. उरलेले ५ टक्के कोणत्या तारखेला द्यायचे ते दोघांच्या प्रतीवर लिहा, आणि त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी खालच्या घराचं छत, टाइल्सचे सांधे आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगा पुन्हा एकदा बघून कंत्राटदाराला बोलवा.